कर्नलपायी भांडण

माझ्या नवऱ्याला ‘छान’ म्हणायची वाईट खोड आहे. भाजी छान, पडदे छान, माझी नवी चप्पल छान. बघायच्या आधीच छान.

त्या गुरुवारी त्याची सुट्टी होती. चाकणच्या एका कंपनीत तो गाड्यांच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर बघतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्याला सॉफ्टवेअर हा शब्दही कानावर नको असतो. मी मात्र दिघीतल्या आमच्या हॉलमध्ये जमिनीवर कार्डशीट पसरून बसले होते. शनिवारी एका डिप्लोमा कॉलेजात माझं डेमो लेक्चर होतं. विषय त्यांनीच दिला होता, ऑपरेटिंग सिस्टीमची आतली रचना. मुलांपायी शिकवणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि आधीच्या दोन कॉलेजांनी ‘गॅप मोठी आहे मॅडम’ म्हणत चहा पाजून परत पाठवलं होतं. ह्या वेळी नाही जमलं तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर मला हे अजून येतं की नाही, याचीच मला धास्ती होती.

चित्र मी पुस्तकात असतं तसंच काढलं होतं. एकात एक वर्तुळं. अगदी आत हार्डवेअर, त्याभोवती कर्नल, मग आपले हुकूम आत पोचवणारं शेल, आणि बाहेर आपण वापरतो ते प्रोग्रॅम. कर्नल म्हणजे सिस्टीमचा कारभारी. मेमरी, फायली, कीबोर्ड, सगळं त्याच्या ताब्यात. रंगही भरले होते. नवऱ्यानं जेवता जेवता मान वळवली आणि म्हणाला, “छान.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात मेथी निवडत बसलेल्या सासूबाई पुढं सरकल्या. त्या परभणीकडच्या. इथे राहायला आल्यापासून त्यांना शेजारच्या मिल्ट्रीचं भारी कौतुक. कार्डशीटवरचं नाव वाचून त्यांनी विचारलं, “हा कर्नल आपल्या इथल्या मिल्ट्रीतला हाय का गं?”

“नाही हो आई, हा कॉम्प्युटरमधला. पण रुबाब तसाच. त्याला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.”

“मंग त्याला कुनी बोलवावं लागतं, का आपलाच बसून ऱ्हातो?”

“बसूनच असतो. सगळ्यांवर लक्ष ठेवून.”

“चूक,” नवरा म्हणाला.

खरकट्या हातानंच तो उठून आला. “बसून कुठं असतो? हाक मारली की कर्नलचा कोड चालतो. प्रोग्रॅमनं काही मागितलं, नाहीतर कुणी कीबोर्डचं बटण दाबलं, की. तू त्याला गाभाऱ्यातला देव करून ठेवलायस.”

“आणि टायमर?” मी म्हटलं. “कुणी काही मागितलं नाही, बटण दाबलं नाही, तरी टायमर त्याला सारखा उठवतो. नाहीतर एकच प्रोग्रॅम दिवसभर मशीन अडवून बसला असता. ते विसरलास?”

त्यानं वाकून कार्डशीट पाहिली. मग म्हणाला, “हां. मग तो बाण कुठंय चित्रात?”

नव्हता. बाण एकही नव्हता.

मी कार्डशीट उलटी केली. वर्तुळं गेली. वर प्रोग्रॅम, खाली हार्डवेअर, मधल्या मजल्यावर कर्नल. वरून येणारी मागणी निळ्या बाणानं, खालून येणारी कीबोर्डची, टायमरची हाक लाल बाणानं, आणि प्रत्येकाला परतीचा बाण. पण त्याला मेमरी, फायली, ड्रायव्हर असे सगळेच डबे आत हवे होते. “अपुरं दिसतंय राव!” असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, पहिल्याच वाढपात लाडू, बासुंदी आणि मठ्ठा एकदम ओतू नकोस, ‘क’ दाबला की ‘क’ पडद्यावर कसा उमटतो, एवढंच पोरांना आधी कळू दे. तो म्हणाला, हा अर्धवटपणा आहे. मी म्हटलं, ह्याला शिकवणं म्हणतात. आवाज चढले.

सासूबाई घाबरल्या. “अरं, त्या मेल्या कर्नलपायी घरात कशाला भांडता?”

त्यांना काय सांगणार, की मला किती बरं वाटत होतं! कॉलेजात एका वर्गात होतो तेव्हा आम्ही असेच भांडायचो. मग लग्न झालं, मुलं झाली, आणि तो माझ्याशी मऊ बोलू लागला. माझ्याशी वाद घालणं त्यानं नेमकं कधी सोडलं, ते मला कळलंच नाही. आता त्याच्या बोटांवर आमटी वाळली होती आणि तो मला इतका आवडला की सांगता सोय नाही. सासूबाई समोर होत्या, म्हणून त्याला नुसतं हात धुवायला पिटाळलं.

शनिवारी कॉलेजात समोर तिघं सर बसले होते. मी कार्डशीट फळ्यावर लावली. मग ‘क’ कीबोर्डवरून निघाला आणि मी त्याच्यामागं निघाले. शेवटी अपेक्षित तेच आलं. “चांगलं आहे मॅडम. पण मधली इतकी वर्षं?”

मुलांचं वगैरे उत्तर मी पाठ करून गेले होते. तोंडातून भलतंच आलं. “वर्षांचं नंतर बोलू सर. आधी चित्रात चूक असेल तर दाखवा.”

आता ही नोकरीही गेली, असं मी धरून चालले. मग त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर सर चष्मा लावत उठले, चित्राजवळ आले आणि टायमरच्या परतीच्या बाणावर त्यांनी बोट ठेवलं.

“हा बाण दर वेळी त्याच प्रोग्रॅमकडे परत जाईल?”

“नाही जाणार, कधी दुसऱ्या प्रोग्रॅमची पाळी असेल,” मी म्हटलं, आणि पेन उचलून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.