लोखंडी नळीला पाणी घालणारे भाऊ

विजेला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, विजेशी दांडगाई करणारीही दोन-चार पाहिली. पण एखाद्या मानी व्याह्याशी वागावं तसं विजेशी अदबीनं वागणारा माणूस उभ्या चांद्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहत होता. (तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणत असू.) कोळशाच्या खाणीत हयातभर वायरमनकी करून ते निवृत्त झाले होते. आळी त्यांना वायरमनभाऊ म्हणे, मी नुसतं भाऊ. बटनाला हात लावताना भाऊंचा डावा हात पाठीमागे गेलाच म्हणून समजा. दोन्ही हात गुंतले की करंट छातीतून जातो, हे त्यांना खाणीत पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि ते त्यांनी असं काही मनावर घेतलं की चहाची बशी, पंगतीतलं वाढणं, देवळातला नमस्कार, सगळा कारभार उजव्या हातावर चाले. एका लग्नात त्यांनी विहिणीलाही एका हातानं नमस्कार केला. विहीणबाई रुसल्या, तेव्हा भाऊ म्हणाले, "बाई, वर पाहा. मांडवाले लायटिंग हाये." त्यांची समजूत काढता काढता आमच्या नाकी नऊ आले.

आमच्या घरचं विजेचं फिटिंग भाऊंनीच केलं होतं. त्या वेळी त्यांनी अंगणात खड्डा खणला आणि आईकडे पायलीभर मीठ मागितलं. "लोणचं घालता का भाऊ?" आईनं विचारलं. "हो बाई, पन ते खाचं नाई," असं म्हणून त्यांनी मीठ आणि कोळसा खड्ड्यात थरावर थर भरला, मधे एक लोखंडी नळी उभी केली आणि तिच्यापासून एक तार बोर्डापर्यंत नेली. नळीपासूनच दुसरी तार नेऊन न्हाणीवरच्या टिनाच्या छपराला बांधली. झालं! होळीपासून पावसाळ्यापर्यंत रोज सकाळी भाऊ बादली घेऊन आळीत घरोघरी त्यांनीच पुरलेल्या प्रत्येक नळीला पाणी घालत हिंडू लागले. चांद्याच्या उन्हाळ्यात माणसांना प्यायला पाणी पुरेना आणि हे गृहस्थ लोखंडाला पाजतात, म्हणून मी त्यांची यथेच्छ टिंगल करत असे. मोहाची फुलं विकणाऱ्या एका बाईनं तर त्या नळीपुढे दोन फुलं ठेवून विचारलं, "हा कोन्ता देव हाये, भाऊ?" "देव नाई बाई, राखनदार हाये," भाऊ म्हणाले. तेव्हापासून नळीला हळदकुंकूही लागू लागलं. भाऊंची काही हरकत नव्हती. पाणी तेवढं रोज पडलं पाहिजे, एवढंच ते सगळ्यांना बजावत.

एका वर्षी मे महिन्यात बाबा अंथरुणाला खिळले होते. दिवसभर ते अंगणातल्या निंबाखाली खाटेवर पडून असत, म्हणून मी टेबलफॅन आणला आणि न्हाणीच्या भिंतीवर, लाकडी पेटीत, भाऊंकडून एक पॉइंट बसवून घेतला; त्याचं बटन घरातल्या बोर्डावर होतं. चार दिवस पंखा छान चालला. पाचव्या दिवशी बटन दाबताच फट्ट! फ्यूज गेला. मी तार बदलली, पुन्हा फट्ट. डोक्यावर ओला पंचा घेऊन बाबा धापा टाकत होते. तिसऱ्यांदा फ्यूज गेला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी शाळामास्तर, मुलांना विज्ञान शिकवणारा. एक जाडजूड तार घेतली आणि फ्यूजमध्ये पिळायला बसलो. तेवढ्यात बादली घेऊन भाऊ दारात उभे.

"मास्तर, हे काय करून राह्यले?"

"जाड तार टाकतो. आता बघू कशी जळते ती!"

"राखनदार ओरडला तं त्याचं तोंड बांधता का चोर पाह्यता?"

त्यांनी तार माझ्या हातातून काढून घेतली, फ्यूजमध्ये नेहमीची बारीक तार घातली आणि चौकशी सुरू केली. पंखा आतल्या खोलीत लावून पाहिला, तो भिरभिर फिरला. "पंखा निर्दोष. याच्यावर आळ काऊन घेतला?" मग पंखा न लावता नुसतंच अंगणातल्या पॉइंटाचं बटन दाबलं. फट्ट! "चोर तारेत हाये." मेन बंद करून ते एकेक जोड उघडू लागले आणि निर्दोष सुटलेल्या प्रत्येक आरोपीपुढे भिंतीवर खडूनं खूण करू लागले. तास गेला. बाबांकडे पाहवत नव्हतं. मी नको ते बोललो: "नळीची पूजा करण्यापलीकडे तुम्हाला काही येतं का हो?" भाऊंनी खडू खिशात ठेवला आणि शिडी टिनाला लावली.

चोर तिथंच होता. वाऱ्यानं हलणाऱ्या टिनाच्या कडेनं पॉइंटाकडे जाणारी वायर कापली होती आणि आतलं तांबं टिनाला टेकलं होतं. भाऊ खाली उतरले आणि त्यांनी बोट दाखवलं. त्याच टिनाच्या खांबापासून निंबापर्यंत कपडे वाळत घालायची लोखंडी तार होती. त्या तारेखाली, ओलं लुगडं खांद्यावर घेऊन, आमचं काम कधी संपतं याची वाट पाहत आई उभी होती.

"जाड तार टाकली असती, तं करंट इथीच बसून राह्यला असता," भाऊ हळूच म्हणाले. "अन् नळी कोरडी असती, तं करंट जमिनीत उतरला नसता, फ्यूज गेलाच नसता, मास्तर. तुमाले समजलंच नसतं."

मी माफी मागू लागलो, तर ते म्हणाले, "राग सगळ्याइले येते. रागात बोर्डाले हात लावू नोका, बस." वायर बदलली, पंखा फिरू लागला आणि बाबांनी डोळे मिटले. भाऊंनी चहा घेतला, अर्थातच एका हातानं.

त्यानंतर बाबा तीन उन्हाळे त्याच पंख्यापुढे झोपले. ते गेले आणि वर्षभरानं भाऊही लेकीकडे नागपूरला राहायला गेले. मोटार सुटताना त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या आईला नमस्कार केला, तोही चक्क दोन्ही हात जोडून. आईला एकदम रडूच आलं. पुढं दर होळीला त्यांचं कार्ड येई आणि त्यात एकच ओळ असे: "नळीले पानी सुरू केलं का?"

यंदा होळी होऊन गेली, तरी कार्ड आलं नाही. पंधरा दिवस मी पोस्टमनची वाट पाहिली. मग एका सकाळी त्याच तारेवर लुगडं झटकून टाकताना आई म्हणाली, "कारड नाई आलं, तरी भाऊचं पानी राहू नको देऊ रे." मी बादली भरून आणली आणि नळीत ओतली. पाणी मुरेपर्यंत तिथंच उभा राहिलो. भाऊंची फार आठवण आली.