मुलांना न्यायला

देवानं ही सृष्टी निर्माण केली ती नाझरीणकाकूंना आरास करायला सामान मिळावं म्हणून, असं लहानपणी माझं पक्कं मत होतं, आणि आज इतकी वर्षं झाली तरी ते बदलावं असं काही माझ्या पाहण्यात आलेलं नाही. समुद्र होता तो शिंपल्यांसाठी, माड होते ते झावळ्यांसाठी, पोफळी होत्या त्या पानांच्या बुडाशी असणाऱ्या रुंद विऱ्यांसाठी, आणि अलिबागचं कोर्ट होतं ते काकूंच्या यजमानांना दिवसभर घराबाहेर ठेवण्यासाठी. हे यजमान कोर्टात नाझर होते, म्हणून त्या नाझरीणकाकू. मूलबाळ नव्हतं, घर ऐसपैस होतं आणि काकूंचे हात रिकामे राहू शकत नसत. आमचं घर त्यांच्या बरोबर समोर. आमच्याकडची कुठलीही वस्तू दिसेनाशी झाली की आई शोधाशोध न करता मला समोर पाठवी. माझा बांगड्यांचा तुटका डबा, वडिलांच्या पगडीची जुनी पेटी, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, सगळं तिकडे सुखरूप असायचं आणि बहुधा मूळच्यापेक्षा चांगलं दिसत असायचं.

चैत्रात गौर बसली की तिच्यापुढे पायऱ्या मांडून फराळाचे पदार्थ रचायचे, कलिंगडाची कमळं कापायची, आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावून कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं, एवढं सगळ्यांकडेच होई. काकूंचं एवढ्यावर भागत नसे. त्यांच्या आराशीला दरवर्षी एक विषय लागे. एका वर्षी त्यांनी समुद्रातला कुलाब्याचा किल्ला केला. तट रव्याच्या लाडवांचा, दरवाजा चिरोट्यांचा, भोवती करंज्यांचे मचवे आणि त्यांना पापडाची शिडं. राहता राहिला समुद्र. निळं कापड विकत आणणं हा काकूंच्या मते अक्कल संपलेल्या माणसाचा मार्ग होता. त्यांनी नाझरसाहेबांचं कोर्टात जायचं धोतर निळीत बुडवून अंथरलं. नाझरसाहेब भर दरबारात लोकांच्या घरादाराचे लिलाव पुकारणारे गृहस्थ, पण घरात त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. सकाळी अंघोळ करून ते पंचा नेसून बाहेर आले, लाटांकडे बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "ओहोटी कधी लागेल? मला कोर्टात जायचंय."

सामान जमवण्याच्या कामी काकूंना लाज म्हणून नव्हती. देवळातून येताना त्या पडलेली विरी दिसली की उचलणार, सुताराच्या दारात थांबून भुसा मागणार, लग्नघरी जेवायला गेल्या तर येताना मांडवाचा रंगीत कागद पदराखाली असणार. दारावर येणाऱ्या कोळणीकडून त्या फक्त शिंपले घेत, आणि तेही दहादा निवडून. कोळीण टोपली उतरवून आमच्या आईजवळ तक्रार करी, "सगली लोका म्हावरा घेतान न् शिंपला टाकतान, ही काकू शिंपला घेते न् म्हावरा न्हाय." पण पुढच्या खेपेला तीच चांगले मोठे शिंपले धुऊन वेगळ्या फडक्यात बांधून आणी.

मग नाझरसाहेब गेले. हिवताप आला आणि आठवड्याभरात माणूस संपलं. काकूंचं कपाळ मोकळं झालं, गौर जावेकडे गेली, आणि ज्या बाईनं सगळ्या आळीला हळदीकुंकू कसं करावं हे शिकवलं तिला आता ना हळदीकुंकू करता येत होतं ना कुणाच्या हळदीकुंकवाला जाता येत होतं. तेव्हाचा रिवाजच तसा होता आणि आमच्या घरीही तो पाळला जात होता. आरास मात्र सगळ्यांना काकूंचीच हवी असे. बायका मागच्या दारानं यायच्या, कलिंगड कापून न्यायच्या, मखर कसं बांधायचं ते विचारून जायच्या, आणि संध्याकाळी पुढच्या दारानं नटूनथटून दुसरीकडे जायच्या. काकू ओसरीवर बसून त्यांची जा-ये पाहत. मला ते दिसे. मला त्याचा रागही येई, पण मी लहान होते आणि पन्हं प्यायला आईबरोबर मीही जातच होते.

वर्ष सरलं. पुढच्या चैत्रात काकूंनी आळीतल्या दर घरी जाऊन सांगितलं की परवा संध्याकाळी माझ्याकडे पार्टी आहे. हा शब्द त्यांनी कलेक्टरसाहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून ऐकला होता. मडमेच्या पार्टीला बायका येतात, खातात, पितात, बोलतात आणि कुणी कुणाला काही लावत नाही, एवढं त्याच्याकडून कळल्यावर काकूंना जणू स्वराज्य मिळालं. आईनं चाचरत विचारलं की लोक काय म्हणतील. काकू म्हणाल्या, "हळदीकुंकवाला मला बंदी आहे, पार्टीला नाही. शास्त्रात पार्टीचं नावसुद्धा नाही, मी भटजींना विचारून आलेय."

त्या पार्टीचा विषय होता आगबोट. काकू जन्मात आगबोटीत बसल्या नव्हत्या. मुंबईला न्यायचं नाझरसाहेबांनी लग्नापासून कबूल केलं होतं, ते राहूनच गेलं होतं. त्यामुळे त्यांची आगबोट ही संपूर्णपणे त्यांच्या डोक्यातली आगबोट होती. ओसरी हा डेक, त्याच्या मधोमध तुळशीवृंदावन. लाटा लागाव्यात म्हणून माणसांनी झोपाळ्यावर बसायचं. विऱ्या शिवून केलेलं धुराडं, त्यात ऊद घातलेलं धुपाटणं. फणसाची पानं हीच तिकिटं. आगबोटीवर तुळशीवृंदावन नसतं असं मी वडिलांकडून ऐकून सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि विचारलं की मग संध्याकाळी दिवा कुठे लावतात. फराळाला ओल्या नारळाच्या करंज्या, तांदळाची बोरं, आंबेडाळ, आणि बोट लागली तर चोखायला आवळ्याची सुपारी.

संध्याकाळ झाली आणि एकही बाई आली नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. चैत्रातल्या दिवसांत, कुंकू न लावता, अशा घरी जमायचं म्हणजे अशुभ तर नव्हे, या विचारानं जी ती पहिलं पाऊल दुसरीनं टाकायची वाट पाहत होती. सगळ्या आपापल्या दारात उभ्या होत्या. आई आमच्या दारात नवं लुगडं नेसून उभी होती. समोर ओसरीवर काकू उभ्या होत्या, धुराड्यातून ऊद निघत होता, आणि मधली आळी ओलांडायला कुणी तयार नव्हतं. मी फाटकापाशी खेळत होते. काकूंनी बराच वेळ वाट पाहिली. मग डोळ्यांना पदर लावला, लगेच तोच पदर खोचला आणि आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "पोरांनो, आगबोट सुटतेय."

आम्हाला शुभअशुभ काय ठाऊक. आळीतलं एकूण एक पोर धावलं. झोपाळ्यावर इतकी गर्दी झाली की कड्या करकरल्या. काकूंनी एकाला कप्तान केलं, एकाला बोट लागलेला उतारू केलं, आणि ते काम त्यानं करंज्या खाऊन इतकं मनापासून केलं की ओसरी धुवावी लागली. दिवेलागण होऊन गेली तरी कुणी घरी जाईना. तेव्हा आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आळी ओलांडली, पायरीशी उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मुलीला न्यायला आले, वहिनी. फार वेळ झाला."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, पण त्या म्हणाल्या, "आहे हो इथेच कुठेतरी. बसा तुम्ही." आणि आईच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. आई बसली. ते पाहून शेजारची सून आपल्या मुलाला न्यायला आली, तिच्यामागून तिची जाऊ, आणि बघता बघता ओसरीवर बसायला जागा उरली नाही. पार्टीला कुणीच आलं नव्हतं. सगळ्या मुलांना न्यायला आल्या होत्या.

तेव्हापासून दर चैत्रात असंच ठरून गेलं. काकू विषय काढीत, आम्ही मुलं जात असू, आणि आमच्या आया आम्हाला न्यायला येत. एकदा पांढरी पार्टी झाली. मिठागरातल्या मिठाची रांगोळी, शिंपल्यांतून खोबऱ्याच्या वड्या, साळीच्या लाह्या. एकजण लाल सदरा घालून आला, तर काकूंनी त्याला परत न पाठवता तांदळाच्या पिठात घोळवून आत घेतलं. ज्यांच्या घरी मुलं नव्हती त्यांची पहिल्यांदा पंचाईत झाली, पण फार दिवस नाही. कुणी भाचीला न्यायला येई. कोपऱ्यावरच्या आजीबाई नातवाला न्यायला यायच्या, तो कल्याणला असायचा. वकिलीणबाईंचा एकुलता एक मुलगा मिशा फुटून कचेरीला जाऊ लागला तरी त्या त्याला न्यायला येत राहिल्या, आणि तो त्या वेळी घरी त्यांच्या नावानं जेवणासाठी हाका मारीत असे. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. प्रत्येकीला तेच उत्तर, आहे हो इथेच कुठेतरी, बसा तुम्ही. एकमेकींकडे बघून हसायचं नाही हा नियम न सांगता सगळ्या पाळत.

पुढे माझं लग्न झालं आणि मी म्हसळ्याला गेले. आळीतली बाकीची मुलंही अशीच कुठे कुठे पांगली. एका चैत्रात मी न कळवता माहेरी आले. दिवस मावळत होता. घराला नुसती कडी होती, आत कुणी नव्हतं. समोर दिवा दिसला म्हणून तिकडे वळले. ओसरीवर झावळ्यांचं तोरण होतं, पण वेडंवाकडं, एका बाजूला उतरलेलं. काकूंना आता नीट दिसत नव्हतं. सगळ्या बायका जमल्या होत्या आणि मूल मात्र एकही नव्हतं, औषधालासुद्धा. माझी आई पायरीशी उभी होती. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. "मुलीला न्यायला आले, वहिनी. फार वेळ झाला."

"आहे हो इथेच कुठेतरी. बसा तुम्ही," काकू म्हणाल्या आणि पेला शोधू लागल्या.

मी आईच्या मागेच उभी होते. तिथूनच म्हटलं, "काकू, मी आलेय."

आई वळली आणि माझा हात धरून तशीच उभी राहिली. काकूंनी डोळ्यांवर हात धरून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. त्यांना मी दिसले की नाही, कोण जाणे. मग त्या आईला म्हणाल्या, "बघा, मी दरवर्षी सांगते तर तुमचा विश्वास नाही." आणि माझ्याकडे पेला पुढे केला. "तू आधी पन्हं पी. मग जा कुठे जायचं ते." त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या बायका हसल्या, आणि दोघीतिघी रडल्या. मला न्यायचं सोडून आई तिथेच बसली.

काकू त्याच पावसाळ्यात गेल्या. आईलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. चैत्रात मीही कैऱ्या उकडते, वेलदोडा घालते, मुलं नातवंडं पन्हं पितात, कौतुक करतात. सगळं नीट चाललेलं असतं. पण दिवेलागणीला माझं लक्ष उगीचच पायरीकडे जातं. फार वेळ झाला, आणि मला न्यायला अजून कुणी आलेलं नाही.