सूचीतलं पहिलं नाव

हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाचे कारकून कुठलाही कागद आधी उलटून बघायचे. लिहिणाऱ्याचं नाव नसलं, की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "कौन बोले? उनो खुद देखे क्या?" म्हणजे, सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलंय का?

आमच्या गावच्या हातमागांवरच्या प्रकल्पासाठी मी नेटवरची बारा पानं आणून त्यांना दाखवली. एकावरही नाव नव्हतं.

"वडील काय करतात?" त्यांनी विचारलं.

"माग चालवायचे."

"मग हे बेनाम कागद नक्को. त्यांना विचार, नाव-तारीख लिहून घे."

मी गावी जाऊन वडिलांना विचारून लिहिलं, आणि प्रकल्पाच्या संदर्भसूचीत त्यांचंच नाव पहिलं आलं. त्यांना वाचता येत नव्हतं. ते त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले.

हे सांगायला ग्रंथालयात गेलो, तर कारकून निवृत्त झाले होते. अजूनही फोनवर बेनाम काही वाचलं, की वाटतं, समोर त्यांनी चष्मा वर सरकवावा.