पिठाच्या डब्यातल्या गोळ्या

परवा शेजारच्या सुनंदाच्या खोलीतून गुळवेल उकळल्याचा कडवट वास आला आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला.

कोरोनात मला ताप आला होता. दारावर विलगीकरणाचा कागद चिकटला तर नवागामची आमची सगळी चाळ तोंड फिरवील, या धास्तीने मी दवाखान्यातल्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून गुपचूप खाल्ल्या. बरी झाल्यावर सुनंदाने विचारलं, "ताई, कशानं उतरला ताप?" मी बेधडक म्हणाले, "गुळवेलीच्या काढ्यानं."

पुढच्याच आठवड्यात तिचा नवरा तापाने फणफणला. तिने चार दिवस त्याला नुसता काढा पाजला. पाचव्या दिवशी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तो परत आला नाही.

परवा मी तिच्या दारात गेले, तर काढा गाळता गाळता ती म्हणाली, "तेव्हा मीच नीट आटवला नसेल, ताई."

मी म्हणाले, "नसेल गं."