अंगणातली अख्खी रांगोळी

कापसाची बैलबंडी दारात आली की आमच्या घरचे पुरुष कोपरापर्यंत हात आत घालायचे. वरचा कापूस कोरडा असतो, ओल तळाशी असते, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. माझे यजमान आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, दोघांचा पांढुर्ण्यात कापसाचा व्यापार. मूठभर कापूस दाबून ते शेतकऱ्याला तोंडावर सांगत, पाणी मारून आणला आहेस. तेच दोघे सौंसरला जुनी मोटार घ्यायला गेले, तेव्हा गादीवरून हात फिरवण्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

मोटार हौसेसाठी नव्हती. सासऱ्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी ठरावीक दिवसांनी तपासणीला बोलावलं होतं आणि पुन्हा छातीत दुखलं तर वाट पाहू नका, असं बजावलं होतं. रेल्वेच्या डब्यात चढताना त्यांना धाप लागे, बसचे धक्के सोसत नसत. म्हणून दारात गाडी हवी होती. कशीही चालली असती, फक्त हाक मारली की निघायला हवी होती.

भासऱ्यांच्या मनात मात्र एकच गाडी भरली होती. माझी नणंद सौंसरला दिली होती, तिच्या सासऱ्यांचे संत्र्यांचे बगीचे होते. मॅंगनीजच्या खाणीवरचा कोणी मोठा साहेब बदलून जाताना आपली विलायती गाडी त्यांना विकून गेला होता. लांबलचक, काळी, आत लाल गाद्या, दाराला आतून लाकडाची पट्टी. आता ते ती विकायला काढणार होते. तसली गाडी पांढुर्ण्यात कोणाकडे नव्हती, एवढ्या एका गुणावर दोघे भाऊ भाळले. मी म्हटलं, सोबत मेकॅनिक न्या. यजमान म्हणाले, "सोयऱ्याच्या दारात मेकॅनिक घेऊन जायला सांगून राहिली का तू?" म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या बंडीत हात घालायला लाज नाही, व्याह्याच्या गाडीच्या इंजिनाचं झाकण उघडायची मात्र लाज.

मला नेलं ते लाडवांचा डबा धरायला. सोयऱ्यांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं.

पौषातली थंडी होती. सौंसरच्या बसस्टँडवरून चालत त्यांच्या फाटकाशी आलो. सडा केव्हाच वाळला होता आणि त्यावर फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत ठिपक्यांची रांगोळी होती. दोघे भाऊ न पाहता तिच्यावरून गेले. त्यांच्या चपलांचे ठसे तेवढे उठले, बाकी रांगोळी अख्खी. मी लांब पाऊल टाकून ती ओलांडली.

नणंदेचे सासरे गाडीजवळच उभे होते. म्हणाले, "या पाहुणे. आत्ताच बगीच्यातून चक्कर मारून आलो. काय चालते म्हणता!" त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी लगेच गुरगुरू लागली. यजमान पुढच्या गादीवर असे बसले की जणू नवरदेवच. मी चालता चालता झाकणाला हात लावला. चांगलंच गरम. माझे वडील सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, जुनी गाडी पाहायची तर थंड असताना पाहायची. गरम गाडी कोणाचीही चालू होते.

पण गाडी बगीच्यातून आली असेल तर गरम असणारच. मी मागे वळून फाटकाकडे पाहिलं. दुसरी वाट नव्हती, मागे विहीर आणि भिंत. मग ही रांगोळीवरून उडत आली का?

यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "गप बस. सौदा बिघडवून राहिली." भासऱ्यांशी मी थेट बोलत नसे. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांसमोर पदर पुढे ओढून उभी राहायची आणि काही सांगायचं तर नवऱ्यामार्फत. नवरा गप बस म्हणाला की तिथेच संपलं.

मी स्वयंपाकघरात गेले. नणंद चुलीपुढे होती, पलीकडे तिची सासू पानं पुसत होती. मी विचारलं, अंगण केव्हा झाडलं. "दिवस निघायच्या आधी," ती म्हणाली. सासू पाणी आणायला उठली तेव्हा ती खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता बोलली, "रोज चाकांपुरती जागा सोडते मी, वहिनी. आज नाही सोडली. मागं गिऱ्हाईक आलं तेव्हाही मामाजी असेच बगीच्यातून आले होते." आम्ही सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतो.

स्वतःच्या बापाच्या जिवाचा प्रश्न, आणि सख्ख्या भावांना हे तोंडाने सांगायची तिला सोय नव्हती.

मी तिच्या सासूला म्हटलं, पहिल्यांदा सोयऱ्यांकडून गाडी न्यायची तर तोंड गोड करूनच जाऊ, पुरणपोळी मी करते. सोयऱ्यांना जेवायला नाही कोण म्हणणार? बाहेरून व्याह्यांचा निरोप आला की कशाला त्रास, दिवसाउजेडी निघालेलं बरं. नणंदेने तोवर डाळ चढवली होती. चुलीतलं एक लाकूडही तिने मागे ओढलं. डाळ आरामात शिजली, पुरण आरामात वाटलं. पुरुष जेवले, सुपारी झाली, गप्पा झाल्या. तोवर सावली अंगणभर पसरली आणि गाडी थंडगार पडली.

मग किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. पुन्हा फिरवली, पुन्हा कण्हली. गड्यांनी ढकलली तेव्हा निळा धूर सोडून आचके देत राहिली. व्याही म्हणाले, थंडी आहे ना, जरा गरम झाली की पाहा. भासरे मान डोलवत होते. सौदा होणार होता.

तेव्हा मी दारातून थेट भासऱ्यांना म्हटलं, "भाऊजी, रात्री आपल्या मामाजींच्या छातीत कळ आली तर गाडी आधी गरम करायला सौंसरवरून कोण येणार आहे?"

भासरे गाडीपासून बाजूला झाले. आम्ही बसनेच परतलो. घरी आल्यावर यजमानांनी, तू नाक कापलंस, एवढंच सुनावलं. खोटं बोलणाऱ्यावर दोघांपैकी एकालाही राग आला नव्हता.

पुढे एका अनोळखी माणसाकडून, मेकॅनिक नेऊन, जुनी अॅम्बेसेडर घेतली. गाद्या फाटक्या, रंग उडालेला. सासरे प्रत्येक फेरीला स्प्रिंगांना शिव्या देत आणि प्रत्येक फेरीला नागपूरला पोहोचत. नणंदेला मात्र तिच्या सासरच्यांनी त्या दिवाळीला माहेरी पाठवलं नाही. कारण कोणी विचारलं नाही. सोयऱ्यांना कसं विचारायचं?

एकदा बैठकीत भासरे पाहुण्यांना सांगत होते, "म्या झाकणावर हात ठेवला अन् ओळखून घेतलं, गाडी आधी गरम करून ठेवली हाय." मी चहा घेऊन गेले होते. कप खाली ठेवले आणि म्हटलं, हात मी ठेवला होता. आणि खोटं पकडून दिलं ते तुमच्या बहिणीने. मग रांगोळीचं सगळं सांगितलं, पाहुण्यांसमोर.

बाजेवर पडलेले सासरे उठून बसले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणाले, "माझी टोपी द्या. पोरीला आणायला जाऊ."

अॅम्बेसेडर पहिल्या किल्लीला सुरू झाली. भासरे पुढे बसले, सासरे आणि मी मागे. या वेळी लाडू मी केले नव्हते.

नणंद संध्याकाळी आमच्यासोबत घरी आली.