आधी तांब्याभर पाणी

"जीभ दाखव."

दत्तूमामाच्या वाफेच्या खोलीत शिरायचं तर सुरुवात इथून व्हायची. समोर पुण्याहून आलेला कंपनीचा साहेब असो नाहीतर आमच्या आळीतला सुतार, कमरेला पंचा गुंडाळून त्याने दारात उभं राहायचं आणि मामाला जीभ काढून दाखवायची. जीभ कोरडी दिसली की मामा कट्ट्यावरचा तांब्या उचलायचा. त्यात कोकमाचं आगळ आणि मीठ घातलेलं पाणी असायचं. "आधी हे संपव, मग आत जा. घाई असेल तर समुद्र तिकडे आहे, जाऊन डुंब." लोक हसायचे आणि निमूटपणे तांब्या रिकामा करायचे. पूर्वी हे सांगताना मलाही हसू यायचं. आता चिडचिड होते, आणि ती काढायची कुणावर तेही कळत नाही.

दत्तूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नागावला त्याची नारळ-सुपारीची वाडी, पण नोकरी जन्मभर एका कारखान्यात, बॉयलरवर. माझं औषधांचं दुकान त्याच गावात, हमरस्त्याला लागून, त्यामुळे आमची रोज गाठ पडायची. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीत शिरतात किंवा भांडणं उकरून काढतात. मामाने वाडीतली बंद पडलेली पंपाची खोली धरली. आत फरशी घातली, भिंतीला टेकून बसायला सागाचा बाक केला आणि बाहेरच्या बाजूला एक दांडगा तांब्याचा बंब बसवला. बंबाला पाण्याची पातळी दाखवणारी काच, वर सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं कारखान्यातल्यासारखं. नारळाची सोडणं पेटवून तो पाणी उकळायचा आणि खोलीत वाफ सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी निर्गुडीचा पाला बांधायचा. खोली वाफेने भरली की आत बसलेल्या माणसाला शेजारचा माणूस दिसेनासा व्हायचा.

गुण यायचा, हे मी औषधं विकणारा माणूस सांगतो. आईचे गुडघे सकाळी धरलेले असायचे, वाफेतून बाहेर आली की ती कठडा न धरता पायऱ्या उतरायची. माझं नाक पावसाळाभर चोंदलेलं असतं, तिथे दोन खेपा बसलो की रात्री तोंड मिटून झोप लागायची. दिवसभर सुपारी सोलून ज्यांचे खांदे भरून यायचे त्या बायका तर संध्याकाळी मामीबरोबर ठरवूनच यायच्या. शेजारच्या होमस्टेमध्ये उतरलेले पाहुणे पोहून दमले की इकडे वळायचे.

पण मामाने कधी थाप मारली नाही. एक बाई तिसऱ्यांदा आल्या आणि म्हणाल्या की त्यांना पोट कमी करायचंय. मामा म्हणाला, "बाई, काट्यावर जे उतरतं ते पाणी. घरी जाऊन ताक प्यायलात की परत चढेल. वाफेनं अंग मोकळं होतं, झोप लागते, नाक उघडतं. चरबी काढायला चालावं लागतं." ज्याला ताप आहे, ज्याचं हृदयाचं दुखणं आहे, जो भरल्या पोटी आलाय, त्याला तो दारातूनच परत पाठवायचा. आणि आत गेलेल्याला जरा वेळ झाला की दार ठोठावायचा. "बाहेर ये आता. इथे शिजायला नाही बसवलं तुला."

पाण्याच्या बाबतीत तर तो हटवादीच होता. "बॉयलर आगीनं फुटत नाही," तो सांगायचा, "पाणी कमी पडलं म्हणून फुटतो. काचेत पाणी दिसतंय तोवर खुशाल आग घाला. माणसाला काच नाही, म्हणून मी जीभ बघतो." हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी पुढचं वाक्य त्याच्या आधी म्हणून टाकायचो. तो रागवायचा नाही. "पाठ झालं ना? मग पी," म्हणून तांब्या माझ्या हातात द्यायचा.

मामा स्वतः रोज शेवटी आत बसायचा. सगळे गेले, आग उतरली की उरलेल्या वाफेत. एकदा मला उशीर झाला म्हणून मी त्याच्याबरोबरच बसलो. बाहेर आल्यावर मी तांब्या त्याच्या पुढे केला. त्याने तो घेतला, तोंडात पाणी घेतलं, गालात खळखळवलं आणि अळवाच्या वाफ्यात चूळ टाकली. मग तांब्या खाली ठेवला. मी म्हटलं, "अरे, प्यायला दिलंय." तर म्हणाला, "प्यायलो मघाशी." ओठांना पापुद्रे सुटलेले मला स्पष्ट दिसत होते.

मी मामीला विचारलं. ती विळीवर नारळ खवत होती, हात थांबवून म्हणाली, "कसलं पितायत. सकाळचा चहा अर्धा सांडून टाकतात. जेवताना घोट घेतात तो घास उतरायला. मी बोलले की माझ्याच अंगावर येतात. तूच विचार रे, तू औषधातला माणूस."

विचारलं ना. पुन्हा पुन्हा विचारलं. कधी म्हणायचा, मला घामच कमी येतो. कधी म्हणायचा, जुन्या बॉयलरला पाणी कमी लागतं. मी म्हटलं, "असं कुठे असतं का? तूच मला शिकवलंस ना?" तर बंबाच्या जाळात सोडण सरकवत माझ्याकडे पाठ करून बसला. रक्त तपासून घेऊ म्हटलं की पुढचा आठवडा. पुढच्या आठवड्यात सुपारी उतरवायची असायची. लग्नकार्याला जाणं त्याने बंद केलं, मुंबईला माझ्या भावाच्या वास्तुशांतीला आला नाही. बस लागते म्हणे. जन्मभर कंपनीच्या बसने गेलेल्या माणसाला बस लागते, आणि ते मी खरं मानायचं. एकदा तर मी दुकानातून ओआरएसची, मीठ-साखरेची पावडर नेऊन त्याच्यासमोर पाण्यात कालवली. त्याने गोड बोलून मला घराकडे पाठवलं आणि माझी पाठ वळताच ती एका पाहुण्याला पाजली. त्या पाहुण्यानेच मला दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगितलं की तुमच्या मामांचं सरबत फार छान होतं. मी डोक्यावर हात मारून घेतला.

होळीनंतर त्याचे पाय सुजले. जेवण तुटलं, अंगाला खाज सुटली. तरी रोज बंब पेटवतच होता. एका सकाळी दारातल्या पायरीवर बसला तो उठेचना, तेव्हा मी काही न विचारता रिक्षा बोलावली आणि त्याला अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला, सोनोग्राफी केली, लगेच लघवीची नळी घातली. पिशवी भरत गेली ती थांबेना. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "आजोबा, हा त्रास कधीपासून आहे?"

मामाने मामीकडे पाहिलं. "तू जरा बाहेर बस," म्हणाला. ती गेल्यावर छताकडे बघत बोलायला लागला. तीन-चार वर्षं लघवी तुंबत होती, थेंब थेंब व्हायची आणि लागली की थांबवता यायची नाही. पेणला एका लग्नात पंगतीत बसलेला असताना धोतर ओलं झालं. त्याने पुढ्यातलं फुलपात्र मुद्दाम मांडीवर सांडलं, म्हणजे लोकांना वाटेल पाणी पडलं. ते लग्न मला आठवतं. पाणी सांडलं म्हणून मी वाढणाऱ्या पोराला ओरडलो होतो. त्या दिवसापासून मामाने बाहेर जाताना पाणी पिणं सोडलं आणि हळूहळू घरीही. वर रोज वाफेत बसून घाम काढायचा. अंगातलं पाणी तिकडून गेलं की इकडून जावं लागत नाही, असा त्याचा हिशेब होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रोस्टेटची गाठ वाढली होती. वेळेवर आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं, फार तर छोटं ऑपरेशन. आता तुंबलेल्या लघवीचा दाब मागे जाऊन दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आणि पाणी न पिण्याने त्यात भरच घातली. डायलिसिस करावं लागेल, कायमचं.

मला बोलायला नको होतं, पण मी बोललो. "मामा, त्या गोळ्या माझ्या दुकानात आहेत. गावातले निम्मे म्हातारे माझ्याकडून नेतात. मला एका शब्दाने का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू, सुध्या? तू भाचा. दुकानात सदा चार बायका उभ्या. गावातली डॉक्टर म्हणावी तर तीही बाईमाणूस. आणि सगळ्या गावाला मी अंगाची निगा राखायला शिकवतोय." एवढं बोलून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्याची दया यायला हवी होती. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

पुढे पावणेदोन वर्षं डायलिसिससाठी आमच्या अलिबागच्या खेपा चालल्या. किडन्या पाणी बाहेर टाकत नव्हत्या, म्हणून आता त्याला पाणी मोजून मिळायचं. उन्हाळ्यात तो माझ्याकडे घोटभर पाणी मागायचा आणि मी नाही म्हणायचो. इतकी वर्षं मी त्याच्या मागे तांब्या घेऊन फिरलो आणि आता तोच तांब्या त्याच्यापासून लपवायचा, म्हणजे काय म्हणायचं याला? मामी तर त्याच्यासमोर पाणी प्यायचीच नाही. मागच्या पडवीत जाऊन प्यायची.

वाफेची खोली मात्र त्याने बंद होऊ दिली नाही. स्वतःला आत जायला बंदी, म्हणून दारापाशी खुर्ची टाकून बसायचा आणि वाडीतल्या गड्याकडून बंब पेटवून घ्यायचा. जीभ बघणं चालूच होतं. त्यात एका प्रश्नाची भर पडली. रेवदंड्याचा बाळाराम, होडी विकून घरी बसलेला, गुडघे शेकायला आला होता. मागे होमस्टेमधल्या तीन-चार बायका उभ्या, मी शेजारी. मामाने त्याची जीभ पाहिली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बाळाराम, लघवीची धार कशी पडते?"

बाळाराम पंचा सावरत पुटपुटला, "मामा, बायका हायत."

"असू देत. त्यांच्याही घरी म्हातारे आहेत. तुंबते का? रात्री किती खेपा उठतोस? लाज वाटते म्हणून पाणी कमी पितोस का? बोल, नाहीतर वाफ नाही मिळणार."

बाळाराम मान खाली घालून म्हणाला, "उठतो चार-पाच येला. घरी न्हाय सांगितला कुनाला."

"मला सांगितलंस ना. आता याला सांग," मामाने माझ्याकडे बोट केलं, "आणि उद्या याच्याबरोबर अलिबागला जा." बायकांपैकी एकीने मान वळवली होती. दुसरीने मात्र पुढे होऊन मामाला हळूच विचारलं की तिच्या सासऱ्यांना कुठे दाखवावं. त्या दिवसापासून साठीच्या पुढचा एकही पुरुष त्या प्रश्नातून सुटला नाही. काही जण चिडून परत गेले. मामा म्हणायचा, "जाऊ देत. घरी जाऊन विचार तर करतील." मी शेजारी उभा राहून ऐकायचो आणि दर वेळी दात आवळायचो. किती सोपं वाक्य होतं ते.

या मार्गशीर्षात मामा गेला. भेटायला आलेला जो तो सांगत होता, मामांनी माझी कंबर बरी केली, माझी सर्दी घालवली. खरंच होतं सगळं.

दिवस झाल्यावर बाळाराम दुकानात आला, त्याच्या गोळ्या न्यायला. त्याचं ऑपरेशनही टळलं होतं. उन्हातून चालत आलेला, बाकावर टेकला, पिशवीतून बाटली काढली आणि मान वर करून घटाघटा सगळी संपवली. धोतराने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मामांनी लय उपकार केलं बगा." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी गोळ्या त्याच्या हातात दिल्या, आतल्या खोलीत गेलो आणि तो जाईपर्यंत बाहेर आलो नाही.