भाविकाच्या नावाची जागा

वामन गेल्याचा फोन आला, तेव्हा समोरच्या मांडवात त्याचंच गाणं वाजत होतं. फोनवर सुगंधावहिनी रडत होत्या, मागून त्यांच्याच नवऱ्याचा आवाज नवरीला हळद लागल्याचं गात होता आणि मी... मी नुसता एक कान दाबून उभा राहिलो. मांडवात जाऊन कुणाला काय सांगणार? त्यांच्या घरचं कार्य होतं.

रेवदंड्याच्या आमच्या ‘चार वल्ही’ बँडचा वामन मुख्य गायक. विशीत आम्ही चौघांनी पिवळेधमक शर्ट शिवले, कॅसेट काढली, पार हरिहरेश्वरापर्यंत मांडव गाजवले आणि कॅसेटवरच्या फोटोत पुढे कोण उभा राहणार यावरून भांडून फुटलो! एक ट्रकवर गेला, एकाने माणगावात मोबाइलचं दुकान टाकलं, मी घरामागच्या खोलीत रेकॉर्डिंग करू लागलो. वामन बोटीवर. इतक्या वर्षांनी तोच आम्हाला गोळा करत आला. म्हणाला, “येकच गानं काढू रं. फोटोत कोनीबी पुढं ऱ्हा, मी मागं ऱ्हातो.” पोटं सुटलेले चार बाप्ये आम्ही, पण गावात बोभाटा झाला, पोरांचा बँड परत आला म्हणून.

हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव आलंच पाहिजे, ही आमच्याकडची रीत. म्हणून कडव्यानंतर थोडी जागा मोकळी ठेवली. ज्या घरून मागणी येईल, तिथल्या मुलीचं नाव वामनने नंतर गाऊन द्यायचं. गाणं तुफान चाललं. बोट लागली की वामन अंगाला मासळीचा वास घेऊनच माझ्या खोलीत यायचा आणि भाग्यश्री, देविका, मानसी अशी कुणाकुणाची नावं आपल्याच लेकीसारखी आळवायचा. आवाज जरा घोगरा झाला होता. “बर्फाचा गोळा कमी खा,” म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

एकदा मी म्हटलं, “आपल्या भाविकाचंही नाव घेऊन ठेवू.” भाविका त्याची एकुलती एक. त्याने माइकवर हात ठेवला. “न्हाय रं. जमायच्या आधी पोरीचं नाव हळदीत घेत न्हाय. जमू दे, मग बघ कसा गातो.” मलाही ते पटलं. आम्ही सगळे तसंच मानतो.

घोगरेपणा गेलाच नाही. गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला म्हणून आम्ही देवाला नारळ दिला. आणि भाविकाचं जमलं ते त्यानंतर. बातमी कळली त्याच दिवशी वामन आला, माइकसमोर उभा राहिला, मला खुणेने सुरू कर म्हणाला. जागा आली. त्याचे ओठ हलले. माइकमध्ये काहीच आलं नाही. त्याने पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा... शेवटी मीच यंत्र बंद केलं. पुढे दुखणं उलटलं.

तेराव्यानंतर वहिनी आल्या. “भावजी, येवढ्या पोरींची नावं हायत तुमच्याकडं ह्यांच्या आवाजात. जोडून आमच्या भाविकाचं न्हाय व्हनार?” मी बसलो. भाग्यश्रीतला ‘भा’ घेतला, देविकातलं ‘विका’ घेतलं. नाव झालं, पण शाळेत कुणीतरी हजेरी घ्यावी तसं. माणगाववाला म्हणतो, हल्ली यंत्राकडून हुबेहूब कुणाचाही आवाज करून मिळतो. वहिनींना ते नको. बापाने घेतलेलं हवं. ते मी कुठून आणू? इतकी वर्षं या यंत्रांशी झटतोय, पण इथे मी हात टेकले.

भाविकाला मी खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, “मग मोकळंच ऐकव, काका.” लावलं. त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी वामनचा श्वास आहे. नाव घ्यायचं नव्हतं, तरी सवयीने त्याने छाती भरून घेतली होती. तो आवाज काढून टाकायचं माझं राहून गेलं होतं.

आता ती अधूनमधून येते, गाणं लावायला सांगते आणि माइकसमोरच्या त्याच्या स्टुलावर बसते. कडवं संपतं, श्वास ऐकू येतो, पुढे नुसता ताल. आणि भाविका हळूच ‘ओ’ देते.